पहिल्या घरातलं शून्य

सोमवार, ४ मार्च

ताईला आज घड्याळ घेऊन दिलं. मोठे आकडे, लाल सेकंदकाटा, चष्म्याशिवायही दिसेल असं. तिने जुनं काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि नवं मनगटावर चढवलं. वर मी तिला उपदेशही केला, की झोप पूर्ण घेत जा, डोळे तपासून घे, आता चाळिशी उलटली तुझी. जिने मला वेणी घालायला शिकवलं तिला मी वेळ बघायला शिकवत होते. लिहितानाही लाज वाटते आहे.

झालंय असं. ताई हॉस्पिटलात सिनिअर नर्स आहे. तिच्या वॉर्डात एक जालीम इंजेक्शन देतात. कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, जास्त झालं तर किडनीला आणि कानांना धक्का लागतो. म्हणून पेशंटच्या रक्ताचा नमुना ठरल्या वेळी घ्यायचा, आकडे संगणकात टाकायचे आणि पुढचा डोस किती ते प्रोग्रॅमला विचारायचं. गेल्या महिन्यात एका पेशंटचे कान गेले. शाळेची बस चालवणारा माणूस आहे. त्याने तक्रार केली, समिती बसली. समितीला असं दिसलं की प्रोग्रॅमच्या हिशेबाने औषध संपलेलं असायला हवं होतं, पण ताईने घेतलेल्या नमुन्यात ते उरलेलं निघालं. प्रोग्रॅम चुकणार नाही, मग चुकलं कोण? नर्सने सोयीने नमुना लवकर घेतला आणि वेळ नंतरची लिहिली. तो नमुना खोटा समजून डॉक्टरांनी प्रोग्रॅमचं ऐकलं आणि डोस वाढवला, भरवशाचा नमुना असता तर तो वेळीच आवरता आला असता, असा सगळा मामला.

तो प्रोग्रॅम आमच्या कंपनीचा आहे, म्हणजे बराचसा माझाच. म्हणून तर समितीचं म्हणणं मला लगेच पटलं.

बुधवार, ६ मार्च

ऑफिसात माझ्या शेजारी बसतात त्यांना सगळे गोगलगाय म्हणतात. नाव मीच ठेवलं. इतकं चिकटलं की परवा त्यांनी स्वतःच फोनवर सांगितलं, "हां, गोगलगाय बोलतोय." बिचारे रागावत नाहीत, त्यामुळे नाव ठेवणाऱ्यालाच चोरट्यासारखं होतं.

जुना प्रोग्रॅम त्यांचा. औषधाचं रक्तातलं प्रमाण आधी चढतं, मग हळूहळू उतरतं. त्या रेषेखालची जागा मोजली की शरीराने एकूण किती औषध सोसलं ते कळतं. मोजायची कशी, तर रेषेखाली बारीक उभे काप पाडायचे आणि त्यांची बेरीज करायची. गोगलगाय यांचा प्रोग्रॅम एक काप घ्यायचा, मोजायचा, बाजूला ठेवायचा, मग दुसरा. एका पेशंटला चाळीस सेकंद. डॉक्टर वैतागायचे. मी डिसेंबरात ते सगळं मोडून टाकलं. हजारो काप एका रांगेत मांडले आणि संगणकाला म्हटलं, सगळे एकदम मोज. आमच्या भाषेत व्हेक्टराइज केलं. चाळीस सेकंदांचा एक सेकंद झाला. साहेबांनी सगळ्यांना उभं करून माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. गोगलगाय यांनीही वाजवल्या, आणि नंतर हळूच विचारलं, "जुन्याशी ताडून बघितलंत ना?" मी हो म्हणाले.

ते खोटं नव्हतं. एका पेशंटचे आकडे दोन्हीकडे घातले होते, दशांश चिन्हापुढची सहा घरं जुळली होती.

आज ताईचं प्रकरण त्यांच्या कानावर गेलं असावं. डबा उघडता उघडता म्हणाले, किती पेशंट ताडले होते हो तेव्हा? मी म्हणाले, पुरेसे. नंतर मला जेवण गेलं नाही. डब्यात काही वाईट नव्हतं.

शुक्रवार, ८ मार्च

मी राहते ताईकडेच, माडीवरच्या खोलीत. त्यामुळे तिचं काय चाललंय ते रोज दिसतं. ती आता प्रत्येक गोष्टीची वेळ लिहायला लागली आहे. भावोजी थट्टेने म्हणाले, दूध उतू गेलं तरी चालेल, पण किती वाजता गेलं त्याची नोंद हवी. मी हसले. ताई हसली नाही. तिने खरंच फ्रिजवर कागद चिकटवलाय.

जेवताना तिने विचारलं, "तुझा प्रोग्रॅम चुकू शकतो का गं?"

मी म्हणाले, "ताई, यंत्र थकत नाही. माणूस थकतो."

तिने मान डोलावली आणि मला आणखी वाढलं. पाच मिनिटांनी म्हणाली, की त्या दिवशी शेजारच्या कॉटवर धावपळ झाली होती, कदाचित त्यात आपल्याकडून वेळेचा घोळ झालाही असेल, आता आठवत नाही. इतकी वर्षं तिच्या तोंडून 'आठवत नाही' हे शब्द मी ऐकलेले नाहीत. घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट तिला पाठ आहे.

ठरवलं आहे, सोमवारी त्या बस ड्रायव्हरचे आकडे जुन्या प्रोग्रॅममध्ये घालते आणि दोन्ही उत्तरं तिला छापून दाखवते. एकदाची तिची खात्री पटली, की ती तरी स्वतःशी भांडायची थांबेल. चूक झाली म्हणायचं आणि पुढे जायचं.

सोमवार, ११ मार्च

जुळत नाहीत.

थोडेफार नव्हे. जुना प्रोग्रॅम सांगतो, बारा तासांनी रक्तात शून्य पूर्णांक नऊ दशांश औषध उरलं असणार. माझा सांगतो, शून्य. ताईच्या नमुन्यात नऊ दशांशच निघालं होतं. तिने लिहिलेली वेळ मी मिनिटासकट घातली आणि जुन्या प्रोग्रॅमची रेषा थेट तिच्या आकड्यातून गेली.

आधी वाटलं, गोगलगाय यांचंच काहीतरी चुकलं असणार. किती पटकन वाटलं ते. मग माझ्या रांगेतले आकडे एकेक करून बाहेर काढले. साडेतीन असायला हवे तिथे तीन. एक पूर्णांक नऊच्या जागी एक. आणि रेषा एकच्या खाली उतरली की पुढे सगळी शून्यं. अपूर्णांकच नाहीत कुठे.

मी रांग तयार करताना आधी प्रत्येक घरात सुरुवातीचा आकडा भरून ठेवते आणि मग त्या त्या घरात खरा आकडा बसवते. ज्याच्या अंगात आधीचं औषध आहे, त्याचा सुरुवातीचा आकडा दशांशाचा असतो. नव्या पेशंटच्या अंगात औषध नसतंच, म्हणून मी तिथे साधं शून्य लिहिलं. संगणकाने पहिल्याच घरात पूर्ण आकडा पाहिला आणि ठरवलं, की ही पूर्णांकांची रांग. मग पुढे जो जो आकडा आला त्याचा दशांश त्याने कापून टाकला. तक्रार केली नाही, इशारा दिला नाही. आज्ञाधारक नोकरासारखं मुकाट्याने कापत गेला. शरीरात औषध मुरत होतं आणि माझा प्रोग्रॅम सांगत होता, संपलं, आणखी द्या.

मी डिसेंबरात ताडलेला तो एक पेशंट जुना होता.

दुरुस्ती काय, तर शून्यापुढे एक टिंब आणि आणखी एक शून्य. जेवणाच्या सुट्टीआधी ती केली, नवी आवृत्ती हॉस्पिटलला पाठवली, त्यांनी ती दुपारीच बसवून घेतली. काय बदललं त्या रकान्यात मी लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. मग घरी आले. ताईने मला आवडतं म्हणून मुद्दाम केलेलं जेवण जेवले, आणि छान झालंय असंही म्हणाले.

मंगळवार, १२ मार्च

सांगितलं नाही. आधी पूर्ण खात्री करून घ्यावी असं वाटतं.

खात्री कसली करायची राहिली आहे ते मला माहीत नाही.

गुरुवार, १४ मार्च

शेवटी साहेबांना सांगितलं. दार लावून सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दुरुस्त केलंस ना? मी हो म्हणाले. मग ते इतके सुटल्यासारखे झाले, की मलाही क्षणभर तसंच वाटलं. त्यांचं म्हणणं, पुढे कोणाला धोका नाही, मग मागचं उकरून कोणाचं भलं होणार? समितीचा निकाल वीस तारखेला आहे. नर्सला फार तर लेखी समज देतील, वॉर्ड बदलतील. इकडे आपण तोंड उघडलं तर चौदा माणसांची कंपनी बसेल. "तू चूक सुधारलीस, लपवली नाहीस," असं ते म्हणाले.

ती नर्स माझी बहीण आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर त्यांना ते वाक्य बोलता आलं नसतं, आणि मला ते वाक्य ऐकायचं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की इथे चोर त्याच संन्याशाच्या घरी राहतो, त्याच्या हातचं खातो आणि त्याला झोपेचं महत्त्व सांगतो.

शनिवार, १६ मार्च

हे लिहायचं नाही असं सकाळपासून ठरवत होते.

ताईने समितीला द्यायचं पत्र लिहिलं आहे. दोनदा खोडून तिसऱ्यांदा स्वच्छ अक्षरात. 'माझ्याकडून वेळेच्या नोंदीत चूक झाली असण्याची शक्यता मी नाकारत नाही. पेशंटला झालेल्या त्रासाबद्दल मला मनापासून खेद आहे.' अशा सात-आठ ओळी. ती कागद घेऊन माडीवर आली, माझ्या पलंगाच्या काठावर बसली आणि म्हणाली, तुझं लिहिणं चांगलं आहे, जरा नजर टाक.

मी नजर टाकली. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. 'मनापासून' हा शब्द मी काढायला सांगितला, पत्र सरकारी आहे म्हणून. तिने तो काढला.

जाताना दारात थांबून म्हणाली, तो बस ड्रायव्हर अजून वॉर्डातच आहे, रोज मला हात करतो गं. बोलत नाही माझ्याशी, पण पाणी हवं असलं की माझ्याकडेच बघतो. मी काय तोंडाने जाऊ त्याच्यासमोर?

मी म्हणाले, होईल सगळं नीट.

मी माणूस आहे की कोण आहे?

सोमवार, १८ मार्च

आज गोगलगाय खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले. म्हणाले, आवृत्त्यांची वही चाळत होतो. अकरा तारखेचा तुमचा बदल बघितला. दोन अक्षरं. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "किरकोळ आहे का हो?"

त्यांच्या आवाजात काटा असता तर मी भांडले असते. तो नव्हता. मी रडायला लागले, आणि रडता रडता नको तेवढं सगळं सांगितलं. ताई, घड्याळ, पत्र, साहेब. मी त्यांचं नाव गोगलगाय ठेवलं हेसुद्धा. ते म्हणाले, हे मात्र मला ठाऊक होतं.

मग त्यांनी मला एकच विचारलं, की पेशंट किती? मला माहीत नव्हतं. सात दिवस मी माझ्या पापाची जपमाळ ओढत होते आणि मणी किती ते मोजलंच नव्हतं. बस ड्रायव्हर आणि ताई, एवढीच माणसं माझ्या डोक्यात होती.

दुपारभर आम्ही दोघं बसलो. डिसेंबरापासूनचे नवे पेशंट एकतीस. एकेक जुन्या प्रोग्रॅममध्ये घातला. प्रत्येकाला चाळीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात करायला काहीच नसतं, पडद्यावरच्या नावाकडे आणि वयाकडे बघत बसायचं. बाहत्तर वर्षं. एकोणतीस वर्षं. सहा वर्षं. सहा वर्षांच्या मुलीचे दोन्ही आकडे जवळजवळ जुळले, तेव्हा गोगलगाय यांनी टेबलावर हलकेच हात टेकवला. शेवटी सहा नावं अशी निघाली, की ज्यांचा डोस विनाकारण वाढला. तपासणीच्या कागदावर सही माझीही आहे, असं ते म्हणाले. टाळ्यांच्या गडबडीत त्यांनीही केली होती.

साहेबांकडे आम्ही दोघं मिळून गेलो. उद्या हॉस्पिटलला लेखी कळवणार आहोत, असं सांगितलं, विचारलं नाही. ती नर्स माझी बहीण आहे, हेही सांगितलं. साहेबांनी यादी हातात घेऊन सहाही नावं वाचली. मग म्हणाले, कळवा.

मंगळवार, १९ मार्च

सकाळी हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांच्या हातात पत्र आणि यादी दिली. तिथून घरी आले तेव्हा ताई उद्यासाठी युनिफॉर्मला इस्त्री करत होती. भावोजी पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. घाबरून इतकं भराभर सांगितलं, की कापलेले दशांश तिला कळले की नाही देव जाणे. पण जे कळायचं ते कळलं.

"म्हणजे माझी वेळ बरोबर होती," ती म्हणाली.

"मिनिटाचाही फरक नव्हता, ताई."

तिने कॉलर उलटी करून तिच्यावर इस्त्री फिरवली. मला वाटलं, आता ती रडेल नाहीतर माझ्या थोबाडीत देईल. दोन्ही चाललं असतं.

"तुला कधी कळलं?"

"अकरा तारखेला."

भावोजींनी पेपरची घडी घातली आणि ते बाहेर निघून गेले. ताई मनातल्या मनात दिवस मोजत असावी.

"शनिवारी तू माझं पत्र तपासून दिलंस," ती म्हणाली.

 ती पुढे बाहीवर इस्त्री फिरवत राहिली. बाह्या दोनच असतात, तिने चारदा केल्या. मग प्लग काढला आणि विचारलं, किती जण आहेत. मी सहा म्हणाले. तिला त्यांची नावं हवी होती. मी सांगत गेले तशी ती प्रत्येकाची कॉट कोणती, आता कुठे आहे, घरी गेला असेल तर कोणत्या भागात राहतो, ते सांगत गेली. तिला सगळं आठवत होतं.

मी म्हणाले, उद्या समितीपुढे सगळं कबूल करणार आहे, तुझं नाव पूर्ण धुऊन निघेल.

"समितीला सांगच," ती म्हणाली. "पण कान समितीचे गेलेले नाहीत."

रात्रीचं जेवण तिने वाढलं नाही. झाकून ठेवलं होतं, माझं मी घेतलं.

बुधवार, २० मार्च

समितीत सात माणसं होती. मी वीस मिनिटं बोलले, गोगलगाय यांनी जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवले. एकाने विचारलं, दोन अक्षरांमुळे? मी हो म्हणाले. ताईचं पत्र त्यांनी तिला परत दिलं. आमच्या प्रोग्रॅमचा वापर आजपासून थांबवला आहे, माझ्यावर आणि कंपनीवर काय कारवाई करायची ते पुढे ठरेल. खरं सांगायचं तर हे सगळं मला सोपं गेलं. टेबलापलीकडच्या माणसांना आपली चूक समजावून सांगायला मला येतं. फळा दिला असता तर आकृतीही काढली असती.

मोठे डॉक्टर म्हणाले, पेशंटना हॉस्पिटलतर्फे कळवलं जाईल. तेव्हा ताई उठून उभी राहिली. तिने विचारलं, आत्ताच सांगितलं तर चालेल का, आणि जिने केलं तिने सांगितलं तर? डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, दुसरं काय करणार होते. तेही आमच्याबरोबर आले.

बस ड्रायव्हर खिडकीजवळच्या कॉटवर होते. किडनीसाठी त्यांना अजून ठेवून घेतलंय. पन्नाशीचे, दणकट, हातांवर उन्हाचा रंग चढलेला. वॉर्डात वीस-बावीस पेशंट, भेटीची वेळ, माणसं आलेली. मी स्टूल ओढून जवळ बसले आणि रात्रभर मनात घोळवलेलं बोलायला लागले. मऊ आवाजात, सावकाश, की काका, तुमचा डोस ज्या प्रोग्रॅमने ठरवला, त्यात काही तांत्रिक कारणामुळे.

त्यांनी कानामागे हात धरला. "ऐकू येत नाही. मोठ्याने बोला."

मी आवाज चढवला. प्रोग्रॅममध्ये एक दोष राहून गेला होता आणि त्यामुळे. शेजारच्या कॉटवरची बाई बोलायची थांबली. त्यांनी पुन्हा मान हलवली. मी पर्समधून वही काढली, लिहून द्यावं म्हणून. ताईने माझ्या हातावर हात ठेवला आणि वही खाली दाबली.

"त्यांना थोडं येतं ऐकू," ती म्हणाली. "मोठ्याने सांग."

ओरडायचं म्हटलं की शब्द कमी होतात. दोष राहून गेला, तांत्रिक कारण, ही सगळी गुळगुळीत वाक्यं ओरडून बोलताच येत नाहीत. तिसऱ्या वेळेला माझ्याजवळ एवढंच उरलं होतं, "काका, माझी चूक. औषध जास्त दिलं गेलं, ते माझ्या चुकीमुळे. सिस्टरची चूक नव्हती."

 दारापर्यंत ऐकू गेलं असणार.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग ताईकडे वळले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःला नीट ऐकू येत नाही, म्हणून ते फार मोठ्याने बोलतात. "म्हणजे सिस्टर, तुम्ही बरोबर होता?"

ताईने मान डोलावली. तिचे डोळे भरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले, मी तुमच्यावर तक्रार केली म्हणाले, आणि ताई त्यांचे हात धरून खाली करत राहिली. मी स्टुलावर बसून होते. दोघांनाही माझी गरज नव्हती.

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आता सापडली ना चूक? दुरुस्त झाली?"

मी मोठ्याने हो म्हणाले.

"मग माझे कान येतील परत?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते बोलायला पुढे झाले, पण काकांनी प्रश्न मला विचारला होता आणि ते माझ्याच तोंडाकडे बघत होते. या उत्तरासाठी ओरडायची गरज नव्हती. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. त्यांना कळलं.

ताईने त्यांच्या ग्लासात पाणी भरून हाताशी ठेवलं. मग माझ्या हातातली यादी घेतली, पहिल्या नावापुढे पेनाने खूण केली आणि म्हणाली, "पुढच्या आजी वरच्या मजल्यावर आहेत. ऊठ."